वरच्या मजल्यासाठी ठेवलेल्या सळया

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, नव्या स्लॅबच्या घरांवर कोपऱ्याकोपऱ्यांतून लोखंडी सळया वर आलेल्या दिसतील. घर पूर्ण झालेलं असतं, आत माणसं राहत असतात, तरी सळया कापलेल्या नसतात. वर पुढे काय होणार, हे मालकाला आज माहीत नसतं. मुलाची खोली होईल, भाडेकरू येईल, नाहीतर नुसती पाण्याची टाकी बसेल. पण सळया आज ठेवल्या नाहीत तर उद्या काहीच चढवता येणार नाही, एवढं त्याला पक्कं माहीत असतं.

डेटाबेसचा इतिहास वाचताना हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा. आपण तो इतिहास सहसा वेगाचा आणि आकाराचा म्हणून ऐकतो: किती नोंदी मावल्या, किती लवकर सापडल्या. त्याला आणखी एक धागा आहे. यंत्र बनवणाऱ्याला वापरणाऱ्याचं जग पूर्ण माहीत नसतं, मग त्याने नंतर येणाऱ्यांसाठी काय सोडून ठेवायचं? आणि वरचा मजला चढवायची परवानगी कोणाकडे असायची? हा प्रश्न तुमच्या-माझ्या भाषेपर्यंत येऊन पोचतो. सुरुवात मात्र जर्मनीतल्या एका उपनगरातून करावी लागेल.

एका गिऱ्हाइकाचं यंत्र

त्सुफेनहाउझेन हा श्टुटगार्टचा उत्तरेकडचा भाग. १९३१ मध्ये तो शहरात सामील झाला. आज हे नाव घेतलं की लोकांना पोर्शच्या गाड्या आठवतात, कारण त्यांचा मूळ कारखाना तिथलाच. पण दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच परिसरात टेलिफोन आणि रेडिओच्या धंद्यातल्या कंपन्या स्थिरावल्या. त्यातून १९५८ मध्ये स्टँडर्ड एलेक्ट्रिक लोरेन्झ, म्हणजे एसईएल, ही कंपनी उभी राहिली. टेलिफोन एक्स्चेंज बनवणं हा तिचा मुख्य व्यवसाय.

इथे कार्ल श्टाइनबुख नावाचे अभियंते होते. १९५७ मध्ये कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात त्यांनी एक लेख लिहिला आणि त्याच्या शीर्षकात एक नवा शब्द वापरला: ‘इन्फॉर्माटिक’. माहितीवर आपोआप प्रक्रिया करण्याचं काम, असा त्याचा अर्थ. आज जर्मन विद्यापीठांत संगणकशास्त्राला हाच शब्द आहे. त्यांच्याबरोबर हेल्मुट ग्रोट्रुप होते. युद्धकाळात पेनेम्युंडे इथे व्ही-२ रॉकेटच्या नियंत्रणप्रणालीवर काम केलेले, १९४६ मध्ये सोव्हिएत संघात नेले गेलेले आणि १९५३ मध्ये परतलेले ग्रोट्रुप. हेच पुढे चिपकार्डाच्या शोधकर्त्यांपैकी एक म्हणून ओळखले गेले.

या मंडळींचं त्या काळातलं गाजलेलं काम म्हणजे ‘क्वेले’ या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीसाठी उभारलेली यंत्रणा. क्वेले म्हणजे जाड कॅटलॉग घरोघरी पाठवणारी, ऑर्डर आली की पार्सल रवाना करणारी कंपनी. तिची अडचण सोपी होती आणि अवाढव्यही. हजारो वस्तू, रोज येणारा ऑर्डरींचा ढीग, आणि प्रत्येक ऑर्डरीमागे एकच प्रश्न: हा माल शिल्लक आहे का? एसईएलने त्यासाठी खास इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बांधली. वस्तूचा क्रमांक आणि नग आत द्यायचे, चुंबकीय ड्रमवरचा साठा तपासला जायचा, वजाबाकी व्हायची आणि पुढची कागदपत्रं तयार व्हायची.

आजच्या भाषेत तो डेटाबेस नव्हता. पण काम डेटाबेसचंच होतं. त्यात एक गोष्ट लक्षात घ्या: त्या यंत्राला क्वेलेचंच जग कळत होतं. ‘वस्तू’ म्हणजे काय, ‘साठा’ म्हणजे काय, हे जोडणीत आणि रचनेतच बसवलेलं होतं. उद्या कोणी म्हटलं असतं की यात रुग्णालयाच्या खाटांची नोंद ठेवायची आहे, तर अभियंत्यांना नव्याने कामाला बसावं लागलं असतं. घर एकाच कुटुंबाच्या मापाने बांधलेलं, वर सळया नाहीत.

त्याच कंपनीचा पुढचा संगणक, ईआर ५६, यात फरक दिसतो. हा युरोपातल्या सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर संगणकांपैकी एक. त्यात गणित करणारा भाग, साठवणीचे भाग आणि आत-बाहेर माहिती नेणारी उपकरणं एका जाळीदार स्विचने एकमेकांना जोडलेली होती. उभ्या आणि आडव्या रेषांची जाळी, आणि जिथे हवं तिथे जोड. टेलिफोन एक्स्चेंज बनवणाऱ्यांना ही कल्पना सुचणं साहजिक होतं. एक्स्चेंज बांधणाऱ्याला कोण कोणाशी बोलणार हे माहीत नसतं. कोणालाही कोणाशी बोलता यावं, एवढीच सोय तो करून ठेवतो.

ही सोय यंत्राच्या भागांची होती, माहितीच्या अर्थाची नव्हती. माहितीच्या बाबतीत तीच कल्पना यायला आणखी पंचवीस-तीस वर्षं लागली, आणि ती आली कॅलिफोर्नियात.

बाँडवाल्यांचा फेब्रुवारी

१९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होझे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. माहिती टेबलांत ठेवा, रांगा आणि रकाने करा, आणि ती कशी शोधायची हे यंत्रावर सोडा. काय हवं ते सांगा, कसं आणायचं ते सांगू नका. मॉडेल गणितावर उभं होतं आणि म्हणूनच कोणत्याही एका धंद्याला बांधलेलं नव्हतं. क्वेलेचा साठा असो की रुग्णालयाच्या खाटा, टेबल ते टेबलच.

पण रकान्यात काय ठेवायचं? १९७० च्या दशकात या कल्पनेवर दोन मोठी प्रायोगिक कामं झाली: आयबीएमचं सिस्टिम आर आणि बर्कले विद्यापीठातलं मायकल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांचं इंग्रेस. दोन्हींत रकान्यांचे प्रकार मोजके होते: पूर्णांक, अपूर्णांक, अक्षरं. पुढे तारीख, रक्कम. कार्यालयातल्या खतावणीला एवढं पुरेसं.

इंग्रेस बाजारात आल्यावरचा एक किस्सा स्टोनब्रेकर अनेकदा सांगतात. एका गिऱ्हाइकाची तक्रार आली की तुमच्या तारखा चुकतात. पाहिलं तर तारखा बरोबर होत्या. १५ मार्चमधून १५ फेब्रुवारी वजा केली तर साध्या वर्षात २८ दिवस येणार, ते येतच होते. पण गिऱ्हाईक बाँडच्या व्यवहारातलं होतं. तिथे व्याज मोजताना अनेकदा प्रत्येक महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं धरतात. (जर्मनीतल्या बँकांतही व्याजाची ही रीत इतकी रुळलेली होती की तिला ‘जर्मन पद्धत’ म्हणूनच ओळखतात.) म्हणजे गिऱ्हाइकाच्या दृष्टीने उत्तर ३० यायला हवं होतं आणि आकाशातल्या सूर्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

मुद्दा बारीक आहे, पण त्यातून पुढचं सगळं निघालं. वजाबाकी कशी करायची हे डेटाबेसवाल्यांनी ठरवलं होतं. ते योग्यच होतं, पण एकाच जगासाठी. गिऱ्हाईक आपली रीत बाहेरच्या प्रोग्राममध्ये लिहू शकत होतं. मग मात्र लाखो रांगा आधी बाहेर काढायच्या आणि नंतर चाळायच्या. डेटाबेसची सगळी हुशारी वाया.

हे आपल्याकडच्या उदाहरणाने बघा. सातबाऱ्यावरचे गट नंबर घ्या: २, १०, ११/२अ, १०२. हे अंक म्हणून ठेवता येत नाहीत, कारण मध्ये तिरकी रेघ आणि अक्षर आहे. म्हणून अक्षरं म्हणून ठेवले, तर क्रमवारी लागते १०, १०२, ११/२अ आणि सगळ्यांत शेवटी २. कुठल्याही तलाठ्याला विचारा, तो हसेल. किंवा तिथी घ्या. चतुर्थीनंतर पंचमी येते हे खरं, पण क्षयतिथी असली तर एक तिथी गळते, वृद्धी असली तर एकच तिथी दोन दिवस चालते, आणि अधिकमास आला की वर्षाचे महिनेच तेरा. यात डेटाबेस बनवणाऱ्याचा दोष नाही. कॅलिफोर्नियात बसलेल्या माणसाला हे माहीत असण्याचं कारण नाही. प्रश्न एवढाच, की ज्याला माहीत आहे त्याने ते कुठे सांगायचं?

यंत्राचं ज्ञानही टेबलातच

१९८० च्या दशकात अनेकांनी या प्रश्नाला हात घातला. त्सुफेनहाउझेनपासून फार दूर नसलेल्या हायडेलबर्गमध्ये आयबीएमच्या विज्ञानकेंद्रात एक प्रायोगिक डेटाबेस चालला होता. त्यात रकान्याच्या आत पुन्हा अख्खं टेबल ठेवता येत असे, आणि पुढे वापरणाऱ्यांना स्वतःचे प्रकार आणि फंक्शनं जोडायची सोय करण्यात आली. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात एक्सोडस आणि आयबीएमच्याच अल्माडेन प्रयोगशाळेत स्टारबर्स्ट हे प्रकल्प होते. सगळ्यांत दूरवर पोचला तो बर्कलेचा पोस्टग्रेस. नावाचा अर्थ सरळ: इंग्रेसनंतरचा. स्टोनब्रेकर आणि लॉरेन्स रो यांनी १९८६ मध्ये त्याचा आराखडा प्रसिद्ध केला. वापरणाऱ्याला नवे प्रकार, नवे ऑपरेटर आणि शोधण्याच्या नव्या पद्धती जोडता याव्यात, हे त्यातल्या जाहीर उद्दिष्टांपैकी एक होतं.

हे कसं साधलं? कल्पना ऐकायला साधी आहे. डेटाबेसला जे जे माहीत असतं, म्हणजे कोणते प्रकार आहेत, कोणती फंक्शनं, कोणता ऑपरेटर कोणत्या प्रकाराला चालतो, तेही टेबलांतच ठेवायचं. पूर्णांक म्हणजे काय हे प्रोग्रामच्या पोटात पुरून ठेवायचं नाही, त्याची एका टेबलात रांग करायची. मग नवा प्रकार शिकवणं म्हणजे त्या टेबलांत रांगा वाढवणं. कॉडची कल्पना डेटाबेसने स्वतःलाच लावून घेतली, असं म्हणा.

गट नंबरासाठी काय करावं लागेल? चार गोष्टी. पहिली, लिहिलेला नंबर आत घेऊन त्याचे तुकडे करणारं फंक्शन. दुसरी, आतला नंबर पुन्हा माणसाला वाचता येईल असा बाहेर देणारं फंक्शन. तिसरी, दोन नंबरांतला लहान कोणता हे सांगणारे ऑपरेटर. चौथी, हे ऑपरेटर वापरून इंडेक्स कसा बांधायचा याची नोंद. एवढं केलं की जुना, कसोटीला उतरलेला इंडेक्स तुमच्या गट नंबरांवर चालायला लागतो. त्याला गट नंबर म्हणजे काय ते कळत नाही. लहान-मोठं ठरवायला तो तुमच्या फंक्शनला विचारतो, बस्स.

पण सगळ्या जगांना लहान-मोठं पुरत नाही. नकाशावरच्या दोन गावांत लहान कोणतं? तिथे प्रश्नच वेगळे: हे त्याच्या आत येतं का, याला चिकटून आहे का, जवळचं कोणतं? १९८४ मध्ये बर्कलेच्याच अँटोनिन गुटमन यांनी त्यासाठी आर-ट्री मांडली. गावांभोवती चौकटी काढायच्या, चौकटींभोवती मोठ्या चौकटी. गाव, तालुका, जिल्हा अशा उतरंडीने शोधायचं, म्हणजे रत्नागिरीतलं गाव शोधताना गडचिरोली उघडावं लागत नाही. १९९५ मध्ये हेलरस्टाइन, नॉटन आणि फेफर यांनी पुढचं पाऊल टाकलं: उतरंडीचा सांगाडा एकदाच लिहायचा आणि ‘चौकट’ म्हणजे काय हे जोडणाऱ्यावर सोडायचं. याचं नाव जिस्ट. इथे सळया नुसत्या प्रकारांसाठी राहिल्या नाहीत, शोधण्याच्या पद्धतीसाठीही आल्या.

धंद्यातलं पातं

कल्पना प्रयोगशाळेतून बाजारात आली १९९२ मध्ये. पोस्टग्रेसमधून निघालेल्या कंपनीचं नाव दोनदा बदलून शेवटी इलस्ट्रा झालं. तिच्या मॉड्यूलांना म्हणत डेटाब्लेड. दाढीच्या यंत्राला जसं पातं बसवायचं तसं डेटाबेसला ब्लेड बसवायचं: नकाशांचं एक, चित्रांचं एक, शेअरबाजाराच्या आकड्यांच्या मालिकांचं एक. १९९५ च्या शेवटी इन्फॉर्मिक्स या मोठ्या कंपनीने इलस्ट्रा विकत घेण्याचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी दोन्हींच्या मिलाफातून युनिव्हर्सल सर्व्हर बाजारात आणला. ओरॅकलने आपल्या मॉड्यूलांना कार्ट्रिज म्हटलं, आयबीएमने एक्स्टेंडर. दोनेक वर्षं असं वाटलं की डेटाबेसचं भवितव्य हेच.

मग एक जुनी अडचण वर आली. बाहेरच्या माणसाने लिहिलेला कोड डेटाबेसच्या पोटात चालवायचा म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवायचा. त्याने चुकीच्या जागी हात घातला तर नुसतं ते मॉड्यूल पडत नाही, अख्खा सर्व्हर झोपू शकतो. आयबीएमने ‘कुंपण’ घालायचा पर्याय दिला: परका कोड वेगळ्या प्रक्रियेत चालवा. सुरक्षित, पण दर वेळी कुंपण ओलांडायचं म्हणजे वेळ जाणार. वेग की सुरक्षितता, ही निवड आजही सुटलेली नाही.

याच विश्वासाची दुसरी बाजू जर्मनीत मांडली गेली होती. बँकेचा व्यवहार एकतर पूर्ण व्हावा नाहीतर अजिबात होऊ नये, अर्धवट राहू नये, वीज गेली तरी झालेलं टिकावं: डेटाबेसच्या या हमीला ‘ॲसिड’ हे नाव १९८३ मध्ये थेओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी दिलं. रॉयटर पुढे श्टुटगार्ट विद्यापीठात प्राध्यापक होते. बाहेरच्या प्रोग्राममध्ये लिहिलेली हुशारी आणि डेटाबेसच्या आत जोडलेलं मॉड्यूल यातला खरा फरक हाच. आत आलेल्या प्रकाराला ही हमी आयती मिळते. तुमचा गट नंबर अर्धा लिहून वीज गेली, तर काय करायचं हे तुम्हाला लिहावं लागत नाही. एवढ्या मोलाची गोष्ट मिळते म्हणूनच लोक विश्वासाची जोखीम घेतात.

इन्फॉर्मिक्सचं पुढे काही बरं झालं नाही. १९९७ मध्ये विक्री कोसळली आणि जुन्या वर्षांचे आकडे फुगवलेले निघाल्याने हिशेब नव्याने मांडावे लागले. २००१ मध्ये आयबीएमने तिचा डेटाबेसचा व्यवसाय विकत घेतला आणि २०१७ पासून त्याच्या विकासाचं काम भारतीय एचसीएल कंपनीकडे आलं. मॉड्यूलांचा दोष होता असं नाही. पण एका कंपनीच्या घरावर मजला चढवला की घराचं जे होईल ते मजल्याचं होतं, हे अनेकांनी जवळून पाहिलं.

परवानगी न विचारता

दरम्यान मूळ पोस्टग्रेस मरण पावला नव्हता. बर्कलेच्या अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल शिकवलं, आणि १९९६ मध्ये तो पोस्टग्रेस्क्यूएल या नावाने स्वयंसेवकांच्या हाती आला. कोड सगळ्यांना खुला. सळया जागच्या जागी होत्याच, आता त्यांना हात लावायला मालकाकडे जावं लागत नव्हतं.

कोण आलं पाहा. मॉस्कोहून ओलेग बार्तुनोव आणि तेओदोर सिगाएव्ह आले. बार्तुनोव व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ. या दोघांनी जिस्टला नवं आयुष्य दिलं, मजकूर शोधण्याचं मॉड्यूल लिहिलं, आणि एकाच रकान्यात नाव-मूल्य अशा जोड्या ठेवणारं एचस्टोर लिहिलं. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातल्या रिफ्रॅक्शन्स रिसर्च या छोट्या कंपनीने २००१ मध्ये पोस्टजिस काढलं. ‘कोयनेच्या जलाशयापासून पाच किलोमीटरच्या आत येणारी गावं दाखव’ असा प्रश्न एका वाक्यात विचारता येतो, तो या मॉड्यूलामुळे. आज जगभरच्या सरकारी आणि संशोधनसंस्थांच्या नकाशांमागे पोस्टजिस असतं. डेटाबेसच्या मुख्य मंडळींना नकाशांबद्दल काही माहीत असण्याची गरजच पडली नाही.

मॉड्यूल ही प्रयोगशाळाही ठरली. मजकूर शोधणं आधी बाहेर मुरलं, मग २००८ मध्ये आवृत्ती ८.३ बरोबर गाभ्यात आलं. एचस्टोर लोकांना आवडलं, तेव्हा त्याच धड्यांवर २०१४ मध्ये जेसनबी गाभ्यात आलं. वरच्या मजल्यावर चाललेलं दुकान पाहून मालकाने तळमजल्यावर गाळा काढावा, तसं. आणि हे काम कुठून कुठून होतं? पोस्टग्रेसएफडीडब्ल्यू नावाचं एक मॉड्यूल दुसऱ्या सर्व्हरवरची टेबलं आपलीच असल्यासारखी वापरू देतं. २०१६ च्या आवृत्ती ९.६ मध्ये दूरच्या दोन टेबलांची जुळणी तिकडच्या तिकडेच करायची सोय त्यात आली. प्रकाशनाच्या टिपणात त्यापुढे शिगेरू हानादा आणि आशुतोष बापट ही नावं आहेत.

एक गैरसोय मात्र बरीच वर्षं राहिली. मॉड्यूल म्हणजे हाताने चालवायची एक लांबलचक यादी. ती चालवली की शेकडो फंक्शनं डेटाबेसभर पसरत. कोणतं कोणाचं ते कळत नसे, बॅकअप घेतला की त्यात सगळं सांडत असे, काढून टाकायचं तर हाताने वेचावं लागे. २०११ मध्ये आवृत्ती ९.१ ने ‘क्रिएट एक्स्टेन्शन’ ही आज्ञा आणली. यामागे मुख्य काम होतं दिमित्री फाँतेन यांचं. आता मॉड्यूलाला नाव, आवृत्ती आणि हद्द मिळाली. एका ओळीत बसवा, एका ओळीत काढा. तंत्र म्हणून यात चमकदार काही नाही, पण एक्स्टेन्शनांचं आजचं पीक या साध्या शिस्तीवर उभं आहे.

त्याच आवृत्तीत आणखी एक गोष्ट आली: इंडेक्सला ‘सगळ्यांत जवळचे दहा दे’ असं विचारायची सोय. आणि २०१६ मध्ये शोधण्याची संपूर्ण नवी पद्धतच बाहेरून जोडायची मुभा मिळाली. त्या वेळी हे कोणाला आणि कशाला लागणार, हे फारसं स्पष्ट नव्हतं. २०२१ मध्ये अँड्र्यू केन यांनी पीजीव्हेक्टर लिहिलं. त्यात नवा प्रकार म्हणजे आकड्यांची एक लांब माळ. मजकूर किंवा चित्र यांचं सार अशा माळेत उतरवतात आणि मग ‘याच्या सगळ्यांत जवळचं काय?’ असं विचारतात. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली तेव्हा ज्यांच्याकडे आधीच पोस्टग्रेस होता त्यांना नवा डेटाबेस घ्यायची गरज भासली नाही, एक ओळ चालवली की झालं.

इथे त्सुफेनहाउझेन पुन्हा आठवतं, आणि ते उगाच नाही. श्टाइनबुख १९५८ मध्ये तिथून कार्ल्सरूहला प्राध्यापक म्हणून गेले. १९६१ मध्ये त्यांनी ‘लेर्नमाट्रिक्स’, म्हणजे शिकणारी जाळी, मांडली. उभ्या-आडव्या तारा, आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथला जोड अनुभवाने घट्ट होत जाणारा. तिला अर्धवट किंवा डागाळलेला नमुना दाखवला की शिकलेल्यांपैकी सगळ्यांत जुळणारा कोणता ते ती सांगायची. नेमका क्रमांक सांगा आणि साठा घ्या, हे क्वेलेचं यंत्र. साधारण कसं आहे ते सांगा आणि जवळचं घ्या, ही लेर्नमाट्रिक्स. एकाच माणसाच्या डोक्यातल्या या दोन कल्पना साठ वर्षांनी एकाच टेबलात, शेजारशेजारच्या रकान्यांत येऊन बसल्या. मधली वाट मॉड्यूलांनी बांधली.

घरात, घराला, घरांमधून

आता आपल्या भाषेकडे या. पोस्टग्रेसमध्ये मजकूर शोधताना शब्दाचं मूळ काढतात, म्हणजे एक रूप शोधलं तर बाकीचीही सापडावीत. इंग्रजीत हे त्या मानाने सोपं, शेवटचा एखादा प्रत्यय काढला की बरंचसं काम होतं. मराठीत ‘घर’ शोधलं तर ‘घरात’, ‘घराला’, ‘घराच्या’, ‘घरांमधून’ सापडायला हवं. शिवाय सामान्यरूप आहे: ‘पाणी’चं ‘पाण्यात’, ‘मूल’चं ‘मुलाला’, ‘फूल’चं ‘फुलांचा’. म्हणजे शेपूट कापून भागत नाही, आतला स्वरही ऱ्हस्व-दीर्घ होतो. हे ज्ञान ज्याला मराठी येतं त्यालाच असणार.

पोस्टग्रेसच्या आवृत्त्यांत अशा भाषांची यादी वाढत गेली. २०१९ च्या बाराव्या आवृत्तीत नेपाळी आणि तमीळ आल्या, २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीत हिंदी आली. त्यांत मराठी नव्हती. यात कोणाचा कट नाही. ज्या भाषेचे नियम कोणीतरी बसून लिहिले ती आली.

आणि इथेच सळयांचं मोल कळतं. १९५७ च्या यंत्रात हे अशक्य होतं, १९८० च्या इंग्रेसमध्ये कंपनीला विनवावं लागलं असतं. आज तसं नाही. मजकूर शोधण्याच्या व्यवस्थेत भाषेची जागा मोकळी ठेवलेली आहे. शब्दयादी आणि प्रत्ययांचे नियम यांच्या फायली सर्व्हरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायच्या, दोन-चार आज्ञा द्यायच्या, की मराठी शोध सुरू. मराठी व्याकरण नीट येणारा एक माणूस आणि थोडंफार प्रोग्रामिंग येणारा दुसरा, एवढ्यांनी सुरुवात होते. तुमच्या गावच्या ग्रंथालयाची यादी, एखाद्या दिवाळी अंकाचं जुनं संग्रहण, ग्रामपंचायतीचे ठराव: हे सगळं शोधता येणं या दोन माणसांवर अवलंबून आहे.

फक्त एक अट वाचून ठेवा: ‘सर्व्हरच्या फोल्डरमध्ये’. आता बहुतेक जण स्वतःचा सर्व्हर ठेवत नाहीत, क्लाउडवर भाड्याने घेतात. तिथे बॅकअप, दुरुस्ती, सुरक्षा सगळं कंपनी पाहते आणि त्या बदल्यात मालकाचे हक्क स्वतःकडे ठेवते. कोणती एक्स्टेन्शनं चालतील याची ठरलेली यादी असते, आणि सर्व्हरच्या फोल्डरला गिऱ्हाइकाला सहसा हात लावता येत नाही. कारण जुनंच आहे: परका कोड पोटात घ्यायचा म्हणजे विश्वासाचा प्रश्न. हजारो गिऱ्हाइकं सांभाळणाऱ्या कंपनीने सावध असणं चूक म्हणता येत नाही. पोस्टग्रेसवाल्यांनी २०२० मध्ये तेराव्या आवृत्तीत एक मधला मार्ग काढला. काही मॉड्यूलांवर ‘विश्वासू’ असा शिक्का, ती बसवायला सर्वाधिकार लागत नाहीत. पण शिक्का कोणावर मारायचा हे पुन्हा सर्व्हर चालवणाराच ठरवतो. नकाशे आणि आकड्यांच्या माळा यांना जगभर मागणी असल्याने त्या यादीत त्यांना जागा मिळते. मराठीच्या प्रत्ययांना अशी मागणी कोण करणार?

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या संस्थेसाठी, विद्यापीठासाठी किंवा ग्रंथालयासाठी कोणी डेटाबेसची जागा निवडत असेल, तर किंमत आणि वेग यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: यात आपल्या भाषेचे नियम आपल्याला घालता येतील का? करार होण्याआधी विचारा. स्लॅब पडल्यावर सळया रोवता येत नाहीत.